चुलीपासून रेघेपर्यंत

रावसाहेब : …सबब मी आपणांस तिसऱ्यांदा विनंती करतो, वैशालीताई, की या रकान्यात कोणताही एक आकडा भरावा आणि त्याखाली आपली स्वाक्षरी करावी. पाच वाजता मुख्य कचेरीची जीप येणार. आता तीन वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत.

वैशाली : कोणताही एक कसा भरू, रावसाहेब? रकान्यावर काय छापलंय ते वाचा ना तुम्हीच.

रावसाहेब : ‘भूखंड क्रमांक एकसाठी मुदतीअखेर जास्तीत जास्त किती गुण मिळू शकतात?’ आणि त्यापुढे सहा चौकोन आखलेले आहेत.

वैशाली : आणि त्याखाली बारीक अक्षरात?

रावसाहेब : ‘रकाना रिक्त राहिल्यास अथवा आकडा चुकीचा आढळल्यास सदर भूखंड पंपघरासाठी राखीव समजण्यात येईल.’

वैशाली : पंपघर म्हणजे विहीर बुजवणार.

रावसाहेब : होय. या ऐरोलीच्या खाऱ्या जमिनीत गोड्या पाण्याची ती एकच विहीर आहे. देवजी आणि किसन या दोघा भावांच्या वडिलांनी मिठागरातून सुटल्यावर संध्याकाळी खणत खणत ती नऊ वर्षांत पुरी केली. अकरा वर्षांपूर्वी भावांची वाटणी झाली, तेव्हा भांडीकुंडी, दोरखंड, कोंबड्या, सारे अर्धे अर्धे झाले. विहीर तेवढी अर्धी होईना. तेव्हापासून त्यांच्या बायका, म्हणजे गोजराबाई आणि यशोदाबाई, परस्परांशी एक शब्दही बोललेल्या नाहीत. आता शासनाने सारे गाव उचलून नवे भूखंड द्यायचे ठरविले आहे, आणि विहीर क्रमांक एकमध्ये येते. तो भूखंड या दोघींपैकी जिचे गुण अधिक तिला मिळेल, किंवा पंपघराला.

वैशाली : म्हणून तर मी खोटा आकडा लिहीत नाही. तुम्ही लाख लिहिलंत, आणि पाच वाजता एखादीचे सव्वा लाख निघाले, की आकडा चुकीचा. फाइल परत. विहीर गेली.

रावसाहेब : परंतु सर्वांत मोठा आकडा असतोच. तो आपण शोधत नाही, एवढेच.

वैशाली : मी सोमवारी इथली पुनर्वसन अधिकारी म्हणून जॉइन झाले. आज शुक्रवार. चार दिवस मी तोच शोधतेय. हा नियम कोणी केला हो?

रावसाहेब : मी.

वैशाली : तुम्ही?

रावसाहेब : साहेब म्हणाले होते की नव्या रस्त्याच्या जितके जवळ घर, तितका त्या कुटुंबाला ट्रकांचा आणि धुळीचा त्रास अधिक, तेव्हा गुणही त्यांना अधिक द्यावेत, कसे ते तुम्हीच लिहून काढा. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. मात्र ठाण्याला रद्दीच्या दुकानात मी वजनावर एक गणिताचा ग्रंथ घेतला होता, तो नावडे गावच्या कामावर असताना रोज दुपारी वाचीत असे. त्यातून स्फूर्ती घेऊन मी कलम तीन लिहिले : ‘शंभरास घराच्या रस्त्यापासूनच्या फुटांतील अंतराने भागावे. येणारा भागाकार हे गुण.’

वैशाली : शंभर फुटांवर घर, तर एक गुण. दहा फुटांवर, दहा. एक फुटावर, शंभर. बरं. आणि थेट रस्त्याच्या चुन्याच्या रेघेवर?

रावसाहेब : त्याचाही विचार मी केला. शून्याने भागणे हे गणितात निषिद्ध. म्हणून कलम चार : ‘चुन्याच्या रेघेवरील जमीन रस्त्याची असल्याने तेथे घर असूच शकत नाही. तेथील गुण शून्य.’ रेघेपासून शंभर फुटांपर्यंत एकही जागा मी बिनगुणांची ठेवली नाही. कुठेही बोट ठेवा, तेथे एक ठाम, मोजता येणारा आकडा आहे. आणि ज्या अर्थी प्रत्येक जागी ठाम आकडा आहे, त्या अर्थी त्या सर्वांच्या वर एक मर्यादा असणारच. हे मी ग्रंथातूनच घेतले आहे. परिपत्रकाच्या आरंभी लिहिलेही आहे.

वैशाली : दाखवा. ‘दोन टोके बांधलेल्या अंतरावर दिलेले प्रत्येक फलन मर्यादित असते.’ तुमच्या पुस्तकात असंच आहे? शब्दाला शब्द?

रावसाहेब : जवळजवळ. ‘प्रत्येक संतत फलन’ असे होते. मी एक विशेषण गाळले. वाक्य लयीत बसत नव्हते. विशेषणे ही शोभेसाठी असतात.

वैशाली : रावसाहेब, सगळा जीव त्या विशेषणात होता हो. फलन म्हणजे जागेगणिक आकडा देणारा नियम. संतत म्हणजे न तुटणारं. पेन्सिल न उचलता काढता येईल अशी रेषा. इथून निघायचं, तिथे पोचायचं, मध्ये हात उचलायचा नाही. अशी रेषा काढलीत तर तिला वर टोक असतंच. पण तुमचा नियम रेघेपाशी काय करतो? जवळ जाऊ तसा वर वर वर, आणि रेघेवर पाय पडला की धाडकन शून्य. तुम्ही पेन्सिल उचललीत.

रावसाहेब : उचलली, हे मान्य. परंतु पेन्सिल उचलली म्हणून मर्यादाच नाहीशी झाली, हे मला पटत नाही. आपल्या कचेरीचा नळ पाहा. सकाळी साडेसहापर्यंत थेंब नाही. साडेसहाला एकदम पूर्ण धार. साडेसातला एकदम बंद. दिवसातून दोनदा तुटतो. तरीही तो आजवर कधी बादलीबाहेर छतापर्यंत उडालेला नाही.

वैशाली : हे मात्र तुम्ही चांगलं उदाहरण दिलंत.

रावसाहेब : आभारी आहे.

वैशाली : तुटला की बेबंद झालाच, असं नाही. नळ तुटक आहे आणि मर्यादेतही आहे. तुटण्याने एवढंच होतं की गॅरंटी जाते. मर्यादा असेल, नसेल. आधी मान्य करायची नाही, बघायची.

रावसाहेब : तर मग आपण पाहू. गावातील त्रेचाळीसपैकी एक्केचाळीस घरांचे गुण माझ्याकडे मोजलेले आहेत. सर्वांत मोठा एकोणनव्वद. झाली मर्यादा.

वैशाली : ती एक्केचाळीस घरं. ती आपापल्या जागी आहेत आणि दुसरे भूखंड मागताहेत. कोणी रेघेच्या फूटभर जवळही गेलेलं नाही, म्हणून कोणी शंभरच्या वर गेलेलं नाही. उरलेल्या दोन घरांचं काय? ती तर रोज चालताहेत.

रावसाहेब : घरे चालत नाहीत. चुली चालतात.

वैशाली : हो, आणि हे पण तुमचंच कलम ना?

रावसाहेब : कलम पाच. मोजणीच्या दिवशी मी ग्रामस्थांना विचारले की घर कोठून मोजावे, ओटीपासून की मागच्या पडवीपासून. सगळे एकमुखाने म्हणाले, चुलीपासून. भाऊ वेगळा झाला म्हणजे काय झाले, तर चूल वेगळी झाली. जितक्या चुली तितकी घरे. ते मला अत्यंत तर्कशुद्ध वाटले. मी लिहिले : ‘घर म्हणजे चूल. चूल म्हणजे तिचे दगड, राख, निखारे व आत घातलेले लाकूड धरून.’

वैशाली : आणि दुसऱ्या दिवशी गोजराबाईंनी चूल उचलून अंगणात आणली.

रावसाहेब : साठ फुटांवरून तीस फुटांवर. त्या संध्याकाळी यशोदाबाईंनी पंधरावर आणली. मग गोजराबाई सातवर. तीन आठवड्यांत दोन्ही चुली उघड्या माळावर रेघेशी येऊन पोहोचल्या. देवजी भाताच्या पातेल्यावर छत्री धरून बसतो. मी रोज सकाळी टेप घेऊन जात असे. मग टेप निरुपयोगी झाली, कारण तिच्यावरील खुणा फार जाड आहेत.

वैशाली : आणि तेव्हापासून तुम्ही पोस्टाचं सामान वापरता.

रावसाहेब : चुलीचा दगड आणि रेघ यांच्यामधून पोस्टकार्ड गेले तर एक नोंद, आंतर्देशीय पत्र गेले तर दुसरी. आज सकाळी गोजराबाईंकडे पोस्टकार्ड गेले. यशोदाबाईंकडे पोस्टकार्ड अडले, निळे पत्र गेले.

वैशाली : चार पोस्टकार्डांचा एक मिलिमीटर होतो, मी मोजलं. म्हणजे गोजराबाईंना एक लाख एकवीस हजार नऊशे वीस. निळं पत्र मिलिमीटरचा दहावा भाग. यशोदाबाईंना तीन लाख चार हजार आठशे. आणि मुदत आहे पाचपर्यंत. तुम्ही मला विचारता, जास्तीत जास्त किती.

रावसाहेब : एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. पेटलेली चूल हलवण्याची या गावी रीत नाही. अन्न शिजेपर्यंत दगडाला कोणी हात लावीत नाही. म्हणून चूल विझलेली असेल तेव्हाच ती पुढे सरकते. अन्यथा या बायांनी मला झोपही येऊ दिली नसती.

गोजरा : रावसायेब, ते निळं पत्र हाय का एखादं? कोरं.

रावसाहेब : यावे, गोजराबाई. आम्ही आपल्याविषयीच बोलत होतो. पत्र कोणास धाडायचे आहे?

गोजरा : धाडायचं नाय. मापाला पाहिजे. चूल इझवलीय मी. म्हाताऱ्याला सांगितलंय, दगडाला हात लावून बस, मी पत्र आनते. तुमच्या पत्रानं तिची बरोबरी होईल, मग फुडं आनिक सरकवीन.

वैशाली : पुढे किती सरकवाल, बाई? खरं सांगा. एक शेवटचा आकडा सांगू शकाल का, की याच्या पुढे चूल जाणारच नाही?

गोजरा : माना आकडं येत नाय, बाय. तू आकडा सांग. मी चूल कुटं मांडायची ते सांगते.

रावसाहेब : उत्तम. मी सांगतो. एक लाख.

गोजरा : पोस्टकार्ड जाईल येवडं. ते तर सकाळीच झालं.

रावसाहेब : तीन लाख.

गोजरा : निळं पत्र.

रावसाहेब : दहा लाख. लक्षात घ्या, दहा लाख सहा चौकोनांत मावतच नाही. शासनाने सहाच चौकोन आखले, यावरून शासनाचाही मर्यादेवर विश्वास आहे हे उघड आहे.

गोजरा : दहा लाखाला कांद्याची आतली साल घालीन. पदर सुटतो ना, आरपार दिसतो, ती.

रावसाहेब : एक कोटी.

गोजरा : तेवड्यात साल नाय जायची. धूर जाईल. धूर जातोय म्हंजे जागा हाय.

रावसाहेब : आणि धूरही अडला तर?

गोजरा : तर मी रेघेवर गेले. मग शून्य. तेवडं मी जानते. म्हनून तर म्हाताऱ्याला शिंक आली तरी तोंड तिकडं करायला सांगते.

वैशाली : रावसाहेब, झालं. कॉलेजात सरांनी हेच फळ्यावर अर्धा तास लिहून दाखवलं होतं. तुम्ही कोणताही आकडा म्हणा, त्याच्या वरची जागा ही बाई दाखवते. प्रत्येक जागेला ठाम आकडा आहे, आणि तरी सगळ्यांच्या वरचा असा एकही नाही. तुमचं वाक्य खोटं पाडणारं हे प्रत्युदाहरण.

रावसाहेब : प्रत्युदाहरण. फार सुंदर शब्द आहे.

वैशाली : आणि ते एकच पुरतं.

रावसाहेब : एकच? एक्केचाळीस घरे माझ्या बाजूने असता?

वैशाली : एक्केचाळीस हजार असली तरी.

रावसाहेब : वैशालीताई, ते वाक्य मी नुसते परिपत्रकात लिहिलेले नाही. घरी भिंतीवर रंगवून घेतले आहे. मला असे वाटत असे की माणसाने प्रत्येक ठिकाणी नीट हिशेबात वागावे, म्हणजे एकंदर आयुष्यालाही आपोआप मर्यादा पडेल. आता भिंतीचे काय करावे?

वैशाली : विशेषण घाला परत. जागा असेल तिथे, बारीक अक्षरात.

गोजरा : तुमचं भिंतीचं मागाहून बगा. रकाना कवा भरनार? माना कळलं ते येवडंच का आकडा न्हाई तर हीर गेली. खरं का?

वैशाली : खरं आहे. आणि जोवर तुम्ही दोघी सरकताय, तोवर आकडा नाही.

गोजरा : मग तिला सांगा थांब म्हनून.

वैशाली : तुम्ही थांबाल?

गोजरा : ती थांबली तर.

वैशाली : त्या पण काल हेच म्हणाल्या. शब्द सुद्धा हेच.

गोजरा : तिनं माझे शब्द वापरू नये. वाटनीत माझे माझ्याकडं आले.

रावसाहेब : चार वाजून एकोणीस मिनिटे. गोजराबाई, हे घ्या निळे पत्र. कोरे आहे, परंतु घडी मोडू नका, कचेरीत मोजणीसाठी हे एकच उरले आहे.

वैशाली : थांबा जरा. खिडकीतून बघा. देवजीकाका झोपलेत.

गोजरा : झोपले? दगडाला हात लावून बस म्हटलं होतं.

वैशाली : हात आहे दगडावर. डोळे मिटलेत. छत्री कलंडलीय. आणि यशोदाबाई उठल्या.

गोजरा : काय करते ती? माझ्या दगडाकडं येते का? सांग लवकर, माना लांबचं दिसत नाय.

वैशाली : इकडे तिकडे बघताहेत. तुमच्या पातेल्याचं झाकण काढून पाहिलं. पाण्यात बोट घातलं.

गोजरा : गार आसनार. मीच इझवली ना.

वैशाली : झाकण ठेवलं. परत गेल्या आपल्या चुलीकडे. चिमटा घेतला.

रावसाहेब : चिमटा? दगड ढकलण्यासाठी चिमट्याचा उपयोग करणे हे कलम सहाचे उल्लंघन होईल.

वैशाली : ढकलत नाहीत हो. निखारा काढताहेत. आपल्या चुलीतून. दोन. चिमट्यात धरून तुमच्या चुलीत टाकताहेत, गोजराबाई. वाकून फुंकर घालताहेत. पेटली. धूर आला.

गोजरा : माझ्या चुलीत?

वैशाली : त्यांना वाटलं, तुमचा विस्तव गेला. काका उपाशी झोपले.

गोजरा : म्हाताऱ्याला ती दादा म्हनायची. आदी.

वैशाली : अरे.

रावसाहेब : काय झाले?

वैशाली : तिसरा निखारा आणताना चिमट्यातून सुटला. दोन्ही चुलींच्या मध्ये पडला. रेघेवर.

रावसाहेब : नेमका रेघेवर? रेघेच्या कडेशी नव्हे?

वैशाली : मधोमध. चुना काळा झाला.

रावसाहेब : कलम पाच : ‘चूल म्हणजे तिचे दगड, राख, निखारे…’ तो निखारा यशोदाबाईंच्या चुलीचा. गोजराबाईंच्या चुलीत तो पडलाच नाही. म्हणजे यशोदाबाईंची चूल आता रेघेवर आहे. कलम चारप्रमाणे त्यांचे गुण शून्य. गोजराबाई, आपण जाणता काय की हे झाले म्हणजे काय झाले?

गोजरा : तुमी सांगा.

रावसाहेब : आपली चूल पेटली आहे, सबब ती पाचपर्यंत हलणार नाही. म्हणजे ती पोस्टकार्डावरच स्थिर. यशोदाबाई शून्य. तिसरे कोणी नाही. तेव्हा मुदतीअखेर जास्तीत जास्त गुण एक लाख एकवीस हजार नऊशे वीस, आणि ते आपले. वैशालीताई, हे तपासून पाहावे.

वैशाली : बरोबर आहे. तो निखारा तिथेच राहिला, तर हा आकडा खरा आहे. ह्यावर मी सही करू शकते.

रावसाहेब : बरोबर सहा अंक. सहा चौकोन. मी म्हटले नव्हते? भूखंड आपला, गोजराबाई. विहीर आपली. मी पेन उघडतो.

गोजरा : थांबा.

रावसाहेब : वेळ थोडा आहे.

गोजरा : लिवू नका म्हनते ना. तिला ठाऊक हाय का, ती शून्य झाली ते?

वैशाली : नसेल. त्या अजून तुमचीच चूल फुंकताहेत.

गोजरा : मी चूल इझवली ती तिच्या फुडं जायला. तिनं पेटवली ती आमचा म्हातारा जेवावा म्हनून. आनि तेच्यापायी ती शून्य. हे कुटं लिवायचं, रावसायेब? त्या सहा चौकोनांत?

रावसाहेब : तशी तरतूद नाही.

गोजरा : दोन चुली सारख्या आल्या, तर काय लिवलंय तुमी?

रावसाहेब : कलम सात : ‘गुण समान असल्यास भूखंड उभयतांच्या नावे समाईक राहील.’ खरे सांगायचे तर ते कलम मी निव्वळ शोभेसाठी घातले. सहा कलमे ओकीबोकी दिसत होती.

वैशाली : आणि समान कसे होणार? पेटलेली चूल तुम्ही हलवणार नाही.

गोजरा : दगड नाय हलवनार. मघाशी काय वाचलंत, रावसायेब? दगड, राख, निखारे, आनि?

रावसाहेब : ‘…व आत घातलेले लाकूड धरून.’

गोजरा : हां. माझं लाकूड लांब हाय.

(गोजरा बाहेर जाते. निळे पत्र टेबलावर तसेच राहते. बऱ्याच वेळाने परत येते. पदराला राख लागलेली.)

रावसाहेब : चार वाजून सत्तेचाळीस मिनिटे. काय केलेत?

गोजरा : चुलीतलं लाकूड फुडं सारलं. हातभर. रेघेच्या पार पलीकडं गेलं. आता बगा, तुमच्या कायद्यानं माझी चूल कुटं हाय.

रावसाहेब : रेघेवर. निःसंशय रेघेवर. गुण शून्य.

वैशाली : पण बाई, लाकूड मागे ओढता येतं. मला सही करायचीय, म्हणून विचारते.

गोजरा : भात व्हायला साडेपाच. लाकूड ओढलं तर कच्चा राहील. आनि ओढनार नाय, म्हनून सांगते.

वैशाली : आणि यशोदाबाई? त्यांना कळलं तर त्या रेघेवरची राख झाडून टाकतील. मग त्यांचे परत तीन लाख.

गोजरा : कळलं तिला. मी लाकूड सारताना ती बगत हुती. आदी माझ्याकडं, मग त्या काळ्या डागाकडं. हुशार हाय ती, तुमच्यासारखं समजावून सांगायला नाय लागत. झाडू घेतला हुता हातात.

वैशाली : मग?

गोजरा : खाली ठेवला.

रावसाहेब : म्हणजे दोन्ही चुली पेटलेल्या, दोन्ही रेघेवर, दोघींचे गुण शून्य. वैशालीताई, मी आता विचारू काय? जास्तीत जास्त किती?

वैशाली : शून्य.

रावसाहेब : आपण यावर स्वाक्षरी कराल?

वैशाली : करीन. पाचपर्यंत ह्याहून जास्त मिळूच शकत नाही. हा आकडा खरा आहे.

रावसाहेब : सहा चौकोनांत एक शून्य लिहावे की सहा?

वैशाली : सहा लिहा. रिकामा चौकोन दिसला तर ते पंपघर बांधतील.

रावसाहेब : शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. किती सुबक दिसते. वैशालीताई, अखेरीस मर्यादा निघालीच.

वैशाली : निघाली. वरून नाही निघाली, खालून निघाली.

रावसाहेब : ‘कलम सातनुसार भूखंड क्रमांक एक, विहिरीसह, उभयतांच्या नावे समाईक.’ गोजराबाई, येथे अंगठा. यशोदाबाईंचा अंगठा मी जाऊन घेतो. त्यांना माझ्यामार्फत काही सांगायचे आहे काय?

गोजरा : नाय.

रावसाहेब : आता आपण परस्परांशी बोलू लागलात, असे मी समजावे काय? टिपणात एक ओळ लिहिता आली असती.

गोजरा : बोलनं कशाला? तिनं इस्तव दिला, मी घेतला. येवडंच झालं.

वैशाली : पण उद्या विहिरीवर दोघी येणार ना. पाणी कसं काढाल, न बोलता?

गोजरा : दोरी वाटनीत तिच्याकडं गेली, बाय. घागर माझ्याकडं हाय.